शालिक, ती सिरोंच्याची पुरवणी माझीच

शालिक, तू गेल्यावर तुझ्या जलदानाच्या दिवशी मी तुझ्या घरातून हसत बाहेर पडलो. लोकांनी पाहिलं. तुझ्या शेजारचा म्हातारा तर माझ्याकडे असा बघत राहिला, की आता याला नागपूरला नेऊन दाखवावं लागते. मी काय करू बाप्पा. वंदना झाली, जेवणं झाली, वच्छलावहिनीनं तुझी नोंदवही माझ्या हातात दिली, मी ओसरीवर बसून एक पान वाचलं, आणि दीड वर्षापासून छातीवर बसलेलं रानडुक्कर उठून चालायला लागलं. आठ मणाचं होतं. तू असतास तर म्हणाला असतास, आठ मणाचं डुक्कर नसते, मोजलं कोनी? तेच तर. आता विचारणारा कोणी उरला नाही, म्हणून आठच मण सांगतो आहे. नाहीतर बारा सांगणार होतो.

आधी कबुली देऊन टाकतो. सिरोंच्याचा व्यंकटेश, ज्याच्या पुरवणीवर तू लाल पेन्सिलचा एकही ठिपका न देता ‘चालते’ लिहिलंस, तो मी. सिरोंच्यात त्या नावाची माणसं असतील पुष्कळ, पण तुझा व्यंकटेश त्यांच्यापैकी कोणी नाही. आणि दीड वर्ष मला एकच धास्ती होती: तू मला ओळखलंस, आणि माझी कीव येऊन मला पास केलंस.

कवडू मास्तरांनी हुकूम सोडला आहे, की शालिकभाऊंवर दोन पानं लिहा, सायक्लोस्टाईल करून सगळ्या तालुक्यांच्या बैठकींना पाठवतो. म्हणून तुला माहीत असलेलंही थोडं सांगावं लागतं, रागावू नको. त्यांनी असंही बजावलं आहे, की सिरोंच्याच्या व्यंकटेशरावांकडूनही दोन पानं आणा. म्हणजे आता चार पानं माझ्याच डोक्यावर.

तर, बांबूचा अभ्यास करायला आलेला एक परदेशी साहेब एटापल्लीच्या विश्रामगृहात एक हिवाळा राहिला. तू आपल्या गावच्या वनखात्याच्या कचेरीत ट्रेसर, तू त्याला नकाशे उतरवून दिलेस. जाताना तो तुला एक पुठ्ठ्याचा डबा देऊन गेला. आत दोन पातळ पुस्तकं आणि मूठभर फासे. चार तोंडांचा, आठ तोंडांचा, बारा तोंडांचा, आणि एक वीस तोंडांचा, जो पाहून माझी आई म्हणाली, हा कोणत्या जनावराच्या पोटातून निघाला. मी गावभर सांगितलं की एकशे आठ तोंडांचाही एक होता, तो एटापल्लीच्या उतारावरून घरंगळला आणि अजून थांबला नाही. तू त्या दिवशी मला कचेरीतून बाहेर काढलं होतंस.

मग तू शब्दकोश घेऊन बसलास. खेळ असा निघाला: एकजण सांगणारा. तो म्हणतो, तुम्ही रानात आहात, समोर पडकी भिंत आहे. बाकीचे एकेक सोंग घेऊन बसलेले, कोणी शिकारी, कोणी वैदू. त्यातला एक म्हणतो, मी भिंत चढतो. चढला की पडला, ते फासा ठरवतो. आपल्या दंडारीत येतात तशीच सोंगं, फक्त नाचायचं नाही, बसून बोलायचं. म्हणून आपण नाव ठेवलं, बैठी दंडार.

नियम तू मराठीत उतरवलेस, आणि मी, एसटीचा कंडक्टर, तिकिटांच्या पेटीत घालून ते नागभीडला, गोंडपिपरीला, एटापल्लीला पोचवले. जिथं गाडी थांबते तिथं रविवारी दुपारी बैठक भरू लागली. जिथं थांबत नाही तिथंही भरू लागली, कारण तिथं मी थांबवू लागलो. आणि मग जो तो पुरवणी लिहायला बसला. मूळ पुस्तकात सगळे किल्ले आणि बर्फ. बर्फ आपल्याकडं गोळेवाल्याच्या गाडीवरच. म्हणून लोक आपलं रान, आपला बाजार, आपली भुतं वहीत लिहून, नकाशा काढून पाठवायला लागले. सगळं तुझ्याकडं, तपासायला. तुझा ‘चालते’ असा शेरा आला तरच दुसऱ्या तालुक्याची बैठक ती पुरवणी हातात घ्यायची.

तुझी तपासायची रीत मला वाटते जगात कुठंच नसेल. तू पुरवणी आधी वाचायचा नाहीस. ज्यानं ती कधी पाहिली नाही अशा माणसाच्या हातात द्यायचास आणि म्हणायचास, चालव. लेखक आला असेल तर खोलीतच बसायचा, पण तोंडात खर्रा धरून. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती गोळी एकदा गालात ठेवली की माणूस हुंकाराशिवाय काही बोलू शकत नाही. समजावून सांगायला तोंड उघडलं की थुंकावं लागणार, आणि थुंकला की पुरवणी नापास. नर्स सिंधूबाई खर्रा खात नव्हत्या, त्यांना तू चिंच दिलीस. तू कोपऱ्यात नोंदवही घेऊन बसायचास. सांगणारा जिथं अडला तिथं लाल खूण, खेळणारे जिथं कंटाळले तिथं निळी. शेवटी निकाल आणि दोन कारणं. एक कारण कमी पडते आणि तीन झाली तर भांडण होते, हे तुझं म्हणणं.

नागभीडच्या एका रेल्वेबाबूनं भुतांची आगगाडी लिहिली होती, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे चिखलाच्या खाचरांतून, धावणारी. त्याला वाटलं, तू भुतावर अडशील. तू लिहिलंस, ‘भूत मान्य. बांधीच्या चिखलात रूळ टिकत नाही. गाडी पाळीवरून न्यावी.’ तो बाबू मला फलाटावर भेटला तेव्हा रागानं नुसता शिटी वाजवत होता. पण त्यानं गाडी पाळीवरून नेली आणि मग ती पुरवणी पार सिरोंच्यापर्यंत गेली. दोन बांध्यांमधल्या अरुंद पाळीवरून येणारी गाडी जास्त भेव दाखवते, हे त्यालाही पटलं.

आणि मग मी लिहिली. ‘वाघाच्या पोटातला बाजार’. वाघानं गिळलेल्या लोकांनी आत बाजार मांडला आहे, अशी. मी स्वतः ती आलापल्लीच्या स्टँडवर चालवली होती तेव्हा ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर पडला, हॉर्न वाजला, आणि पाटीवर दुसरं गाव असलेल्या गाडीतले लोकही येऊन बसले. मला वाटलं, शालिक आता माझ्यापुढं उभा राहून टाळ्या वाजवतो.

तू पुरवणी कवडू मास्तरांच्या हातात दिलीस. मी खर्रा धरला. मास्तर चौथ्या पानापर्यंत गेले आणि थांबले. तिथं मी लिहिलं होतं, ‘इथं खूप मजा येते.’

मास्तर म्हणाले, “येते म्हणजे कशी येते?”

मी हातानं दाखवलं. पोट धरून दाखवलं, शेपटी करून दाखवली. मास्तरांना वाटलं, वाघाला जुलाब झाले. त्यांनी तसं सांगितलं. सिंधूबाईंनी लगेच वाघाला औषध दिलं, फासा चांगला पडला, वाघ बरा झाला, बाजार मिटला, पुरवणी संपली. पाव तास. मी खर्रा गिळला आणि मला अशी उचकी लागली की चंद्रपूरपर्यंतच्या तिकिटांना एकाच जागी दोन-दोन छिद्रं पडली.

तू लिहिलंस: ‘चालत नाही. कारण एक, यात खेळ कमी आणि कंडक्टर जास्त. कारण दोन, लेखक शेजारी बसल्याशिवाय ही चालू शकत नाही.’

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, मास्तर शाळेत शिकवतात. तू नकाशाचा माणूस, तुला गोष्टीतलं काय कळते, कागद आणि माणूस यातला फरक तुझ्या कचेरीनं मारून टाकला, असं बरंच. तू पेन्सिलला टोक करत होतास. टोक झाल्यावर तू एवढंच बोललास,

“कंडक्टर, तू मेल्यावर हे पुस्तक कोन चालवन?”

मी उठून गेलो. पूर्ण पावसाळा तुझ्या बैठकीत आलो नाही. पुरवण्या आणून तुझ्या ओसरीवर ठेवायचो आणि न बोलता निघायचो. न बोलण्याचे मला केवढे कष्ट पडतात, ते तुला ठाऊक होतं. वहिनी चहा घ्या म्हणायच्या तर मी मान हलवायचो. त्यांना वाटलं, दात दुखून राह्यला.

त्या पावसाळ्यात आमची गाडी सिरोंच्याला अडकली. नाल्यांना पूर, पुढं रस्ता नाही. चार दिवस स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून मी ठरवलं, शालिकलेच फसवतो. नाव घेतलं व्यंकटेश, पत्ता त्या हॉटेलचा. पण अक्षर? तू वीस ट्रेसरांमधून एकाची रेघ ओळखणारा. म्हणून मी डाव्या हातानं लिहिलं.

आणि शालिक, तिथंच सगळं झालं. डाव्या हातानं एक ओळ लिहायला मला एवढा वेळ लागायचा, की तेवढ्यात हॉटेलवाल्याची भजी तळून संपायची. उजव्या हातानं मी जे सहज फेकलं असतं, ते डाव्या हाताला परवडेना. ‘मांजर, वाघाएवढं मोठं’ लिहायला घेतलं आणि ‘मांजर’वर थांबलो. समोर प्राणहिता फुगलेली. काठावर माणसं थांबलेली, पलीकडे जायला एकच डोंगा. मी तेच लिहिलं. अकरा माणसं, कोणाला काय घाई आहे ते प्रत्येकी एका ओळीत, पाणी दर खेपेला किती चढते त्याचा तक्ता, आणि डोंगा. कोणाला आधी न्यायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. ना वाघ, ना भूत. पंधरा पानं झाली असती, ती साडेतीन झाली. पोस्टात टाकली आणि हात चोळत बसलो. दोन्ही.

तू मला मुकाट शोधत स्टँडवर आलास तो दिवस मला आठवते. भांडण झालंच नव्हतं, असं तोंड करून तू म्हणालास, “सिरोंच्याहून एक पुरवणी आली हाय. मी अजून वाचली नाई. चालवायले तूच पायजे.”

म्हणजे माझीच पुरवणी, न पाहिलेली म्हणून, मीच चालवायची. असा तिढा कोणा कंडक्टरवर आला नसेल. मी हो म्हटलं. रविवारी बसलो, मुद्दाम दोन ठिकाणी अडखळायचं ठरवलं होतं, पण अडखळायला जागाच सापडेना. तिसऱ्या खेपेला मला राहवलं नाही. मी नदीत एक मगर सोडली.

तू कोपऱ्यातून म्हणालास, “मगर नाई लिहिली त्यानं.”

“असू शकते ना.”

“नसू पण शकते. जे हाय तेच वाच. तो मानूस विचार करून थांबला हाय, तू काऊन पुढं ढकलून राह्यला?”

मी माझीच मगर काढून घेतली. कवडू मास्तर आणि सिंधूबाई शेवटच्या खेपेला कोणाला मागं ठेवायचं यावरून असे भांडले, की मास्तरांनी चष्मा काढून ठेवला आणि सिंधूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. कोणी हसलं नाही. माझ्या आयुष्यात मी कोणाला न हसवता एवढं गप्प बसवलं नव्हतं. तू लिहिलंस, चालते.

मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण तू व्यंकटेशला पत्रं लिहायला लागलास. डोंगा केवढा लांब असते, किती माणसं बसली की पाणी काठाला लागते, कळवावे. मला काय माहीत. मी पुढच्या ड्युटीला खरोखर नावाड्याकडं जाऊन, दोरी लावून डोंगा मोजला. मी, शालिक. मोजला. नावाड्याला वाटलं, सरकार डोंगे जप्त करते. मी डाव्या हातानं तुला माप कळवलं, तू तक्ता दुरुस्त केलास, आणि व्यंकटेशची पुरवणी प्रत्येक तालुक्यात गेली. लोक मला गाडीत सांगायचे, काय लिहिते बाप्पा तो मानूस. मी म्हणायचो, ठीक आहे.

रानडुक्कर छातीवर बसलं ते त्याच सुमारास. एकदा कवडू मास्तर सहज म्हणाले, शालिकभाऊले सगळं समजते, फक्त तो बोलत नाही. वीस ट्रेसरांतून रेघ ओळखणारा माणूस. भांडण मिटवायला स्वतः स्टँडवर आलेला माणूस. चालवायला मलाच का बोलावलं? मगर माझ्याच हातानं का काढून घेतली? त्या ‘चालते’कडे मी पुन्हा पुन्हा बघत होतो आणि ते मला दर वेळी थोडं जास्त दयाळू दिसत होतं. कीव म्हणून मिळालेलं ‘चालते’ मला नको होतं. त्यापेक्षा ‘यात कंडक्टर जास्त’ परवडलं.

तुझं हृदय थकलं, तू घरी पडून राहायला लागलास, तेव्हा मी दर आठवड्याला ठरवून यायचो, की आज विचारतो. एक दिवस तोंड उघडलंही. तू आधी बोललास.

“व्यंकटेशची नवी काऊन नाई आली? तू जातेस ना तिकडं. विचारजो.”

असं बघितलंस माझ्याकडं, की त्या बघण्याचे मी नंतर शंभर अर्थ लावले. मी म्हटलं, विचारतो. तू डोळे मिटलेस. मंगळवारी दुपारी जेवून आडवा झालास आणि पुन्हा उठला नाहीस. मी एटापल्लीच्या रस्त्यावर होतो. स्टँडवर उतरलो तेव्हा कंट्रोलरनं हातातला माईक बाजूला ठेवून मला सांगितलं. त्या फेरीचा हिशेब माझा तीनदा चुकला. इथं वाढवून सांगत नाही, तीनदाच.

आणि मग जलदानाचा दिवस, ती नोंदवही. तुझं कचेरीतलं टपोरं अक्षर.

‘अकरा माणसं, एक डोंगा. लेखक व्यंकटेश, सिरोंचा. सांगणाऱ्याला पडलेले प्रश्न: शून्य. निकाल: चालते. कारण एक, लेखक कुठंही मध्ये येत नाही. कारण दोन, शेवटचा निर्णय खेळणाऱ्यांना खरोखर दिला आहे.’

त्याखाली, पुढं कधीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘आपल्या कंडक्टरकडे यांच्या दसपट गोष्टी आहेत. यांच्याजवळ पंधरा दिवस राहिला तर थांबायला शिकेल. पण ऐकणार नाही. तरी दोघांची गाठ घालून द्यायची.’

गाठ घालून द्यायची. शालिक, तुला काहीच माहीत नव्हतं. भुताच्या गाडीलाही रूळ मोजून देणारा तू, नोंदवहीत खोटं लिहिणं तुला जमलंच नसतं. वीस ट्रेसरांतला एक ओळखणारा माणूस माझ्या डाव्या हाताला फसला, आणि त्या हातानं लिहिलेलं तुला खरंच आवडलं. कीव नव्हती, दया नव्हती. तू मला अजिबात न ओळखता पास केलंस. मी हसलो तो त्याच्यावर. थोडं रडलोही, पण म्हाताऱ्यानं नेमकं हसताना पाहिलं.

वहीत एक घडी घातलेलं पत्रही होतं, व्यंकटेशच्या नावानं, अर्धवट. ‘माझ्यानंतर ही नोंदवही आपण सांभाळावी. कवडू मास्तर मनानं मऊ, सगळ्यांना चालते म्हणतील. कंडक्टर माझा जीव आहे, पण तो आधी स्वतःचा वाघ पास करून घेईल.’ घेतलाच असता. तूच सांग, त्या वाघात काय वाईट होतं? बरं, जाऊ दे.

वहिनी बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, “ते सिरोंच्याचे भाऊ नाई आले. मी कार्ड टाकलं होतं.”

ते कार्ड अजून हॉटेलात पडून असेल, माझी ड्युटी लागेपर्यंत. मला वाटलं, आता या बाईला तरी खरं सांगितलं पाहिजे. मी सगळं सांगितलं. पूर, हॉटेल, डावा हात, दोरी लावून डोंगा. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द वाढवला नाही. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पदरानं डोळे पुसले.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “आजच्या दिवशी तरी नका फेकू.”

मी शपथ घ्यायला हात वर केला, तो उजवाच निघाला. मग म्हटलं, राहू दे. आज यांना ते ओझं देण्यात काही अर्थ नाही.

“वही त्याईले द्या बरं,” वहिनी म्हणाल्या. “ह्याईची लय इच्छा होती. तुमची गाडी जाते तिकडं.”

“देतो.”

“तुमी पाह्यलं हाय ना त्याईले? कसे हायेत सभावानं?”

सांगण्यासारखं पुष्कळ सुचलं.

“कमी बोलतात,” मी म्हटलं.

वहिनी पहिल्यांदा थोडं हसल्या. “मंग ह्याईचं न् त्याईचं चांगलं जमलं असतं.”

“जमलंच होतं, वहिनी,” मी म्हटलं, आणि वही बगलेत घेऊन उठलो.